पार्किंगमध्ये पॉवर सॉकेट घ्यायचाय? आधी वायर मागे शोधत जा

घरापुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये एक ट्यूब आणि खांबालगत तिचं बटण. एवढंच वायरिंग. मग घरात इलेक्ट्रिक स्कूटर येते, किंवा गाडी धुवायचं प्रेशर मशीन येतं, आणि मोठ्या तीन पिनचा प्लग हातात धरून माणूस सॉकेट शोधायला लागतो. वायरमनला फोन जातो. तो ट्यूबच्या बोर्डातून दोन वायरी काढतो, खाली एक सॉकेट ठोकतो आणि चहा गार व्हायच्या आत निघून जातो. महिनाभर सगळं छान चालतं. मग एके सकाळी प्लग काढताना बोटाला चटका बसतो. बघावं तर सॉकेटचं एक भोक तपकिरी पडलेलं.

चिपळूणच्या आसपास वायरिंगची कामं करताना हा तपकिरी सॉकेट मी इतक्या घरांत काढून फेकलाय की आता ग्राहकाने पुरतं सांगायच्या आधीच मागचं वायरिंग डोळ्यांपुढे येतं. चूक सॉकेटच्या कंपनीची नसते. काम चुकीच्या टोकाकडून सुरू झालेलं असतं. सॉकेट कुठे बसवायचा हा शेवटचा प्रश्न. आधी बघायचं ते हे, की तिथे येणारी वायर मागे कुठून येते, किती जाड आहे, कोणत्या एमसीबीवर (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे आणि तिच्याबरोबर अर्थ (बॉडीवर उतरलेला करंट जमिनीत नेणारी वायर) आलाय का.

कुणी करायचं: केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर वायरिंगमध्ये भर घालणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे. नवीन पॉवर पॉइंट त्यातच येतो. म्हणून खालचे टप्पे १ ते ३ घरमालकाने स्वतः करायचे. पुढचे टप्पे वायरमनकडून करून घ्यायचे, पण क्रम माहीत असलेल्या माणसाने शेजारी उभं राहून.

## १. काय लावणार ते आधी कागदावर लिहा

चार्जरच्या किंवा मशीनच्या अंगावर एक पट्टी असते. त्यावर ‘इनपुट’ची ओळ शोधा. वॅट दिले असतील तर २३० ने भागा, अँपिअर मिळतात. स्कूटरचा ७५० वॅटचा चार्जर म्हणजे सव्वातीन अँपिअर. १६०० वॅटचं प्रेशर मशीन म्हणजे सात. कारबरोबर येणारा ३.३ किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर म्हणजे १४.३ अँपिअर, आणि तोही सलग आठ-दहा तास.

खरी मेख या ‘सलग’मध्ये आहे. गिझरही तेवढाच करंट ओढतो, पण पंधरा मिनिटांत बंद होतो. कार रात्री दहाला लावली की पहाटेपर्यंत ओढत राहते आणि ढिल्या स्क्रूला गार व्हायला उसंतच मिळत नाही. हिशेब करून बघा. जोडावर ०.१ ओहमचा अडथळा असेल आणि त्यातून १४.३ अँपिअर जात असतील तर त्या एका ठिपक्यावर वीस वॅट उष्णता तयार होते. छोटी सोल्डरिंग आयर्न रात्रभर सॉकेटच्या पोटात चालू ठेवल्यासारखंच हे. आणि १६ अँपिअरचा एमसीबी गप्प बसून राहतो, कारण त्याच्या दृष्टीने १४ अँपिअर हा रीतसर करंट आहे.

आता पुढच्या पाच वर्षांत काय येईल तेही लिहा. आज स्कूटर आहे आणि उद्या कार घ्यायचा विचार असेल तर आजच कारपुरती वायर टाका. पाइप दोनदा ओढण्यापेक्षा वायर एक नंबर जाड घेणं स्वस्त पडतं.

दुकानात या मोठ्या सॉकेटला आजही सगळे ‘पंधरा अँपचा’ म्हणतात. मिळतो तो १६ चा. वस्तू तीच.

तपासणी: कागदावर तीन आकडे हवेत. सगळ्यात मोठ्या यंत्राचे अँपिअर, ते सलग किती तास चालणार, आणि वीजबिलावरचा ‘मंजूर भार’. घरातला गिझर, इस्त्री, पंप आणि हा नवा भार एका वेळी चालला तर मंजूर भार ओलांडतोय असं दिसलं, तर आधी भार वाढवून घ्यायचा अर्ज करा.

## २. आहे ते वायरिंग मागे शोधत जा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. एक दुपार गेली तरी चालेल. इथे तुम्ही स्वतः काहीही उघडायचं नाही, फक्त बघायचं आहे.

शेडमधली ट्यूब चालू करा. घरातल्या कुणाला तरी ट्यूबकडे बघत उभं करा आणि डीबीतले (एमसीबींच्या पेटीतले) एमसीबी एकेक करून खाली पाडा. कोणत्या एमसीबीवर ट्यूब गेली ते लिहून ठेवा. त्याच एमसीबीवर घरातलं आणखी काय काय गेलं तेही लिहा. बहुतेक घरांत शेडची ट्यूब बाहेरच्या व्हरांड्याच्या आणि हॉलच्या लाइटबरोबर एकाच ६ किंवा १० च्या एमसीबीवर सापडते.

कधी कधी सगळे एमसीबी पाडले तरी ट्यूब जळतच राहते. ती इन्व्हर्टरवर आहे. हे आत्ता कळलं ते बरं झालं, स्क्रू-ड्रायव्हर हातात असताना कळलं असतं तर महागात पडलं असतं. इन्व्हर्टरच्या लाइनवरून पॉवर सॉकेट घ्यायचा विचार तिथेच सोडा.

मग वायरमनकडून, मेन बंद करून, शेडच्या बटणाचा बोर्ड उघडून घ्या आणि आतल्या वायरींकडे बघा. इन्सुलेशनवर छापलेलं असतं: १.०, १.५, २.५ चौरस मिमी. आमच्या बोलीत एकची, दीडची, अडीचची. छाप पुसला असेल तर अडीचच्या नव्या वायरीचा तुकडा शेजारी धरा, फरक डोळ्याला दिसतो. तांबं आहे की ॲल्युमिनियम तेही बघा. जुन्या घरांत पांढरट, सहज वाकणारी ॲल्युमिनियमची वायर अजून निघते. तिला तांब्याची वायर पिळून जोडली की तो जोड काही वर्षांत गंजतो, ढिला होतो आणि तापतो. अशा वायरीतून नवा पॉइंट काढायचाच नाही.

आता उत्तर तीनपैकी एक निघेल.

(अ) शेडपर्यंत अडीचची तांब्याची फेज (करंट आणणारी), न्यूट्रल (परत नेणारी) आणि हिरवी अर्थ वायर आली आहे, तिला स्वतःचा १६ चा एमसीबी आहे आणि तिच्यावर दुसरं काही जड नाही. मग याच लाइनवर सॉकेट घेता येतो. ‘दुसरं काही जड’ म्हणताना टाकीचा पंप विसरू नका. एक हॉर्सपॉवरचा पंप चालू असताना सहा-सात अँपिअर खातो आणि सुरू होताना त्याच्या कैक पट.

(आ) फक्त लाइटची एकची किंवा दीडची वायर आहे. मग डीबीपासून नवीन लाइन ओढायची. ट्यूबच्या लाइनला हात लावायचा नाही.

(इ) वायर बरी आहे, पण अर्थ आलेलाच नाही. ही केस (आ) सारखीच धरा. ‘अर्थ तेवढा नंतर टाकू’ असं म्हणून सोडलेला अर्थ नंतर कुणीही टाकत नाही, हे लिहून ठेवा.

इशारा: बटणाच्या बोर्डात दोन वायरी दिसल्या म्हणजे त्या फेज आणि न्यूट्रल असतातच असं नाही. पुष्कळदा एक फेज असते आणि दुसरी बटणाकडून ट्यूबकडे जाणारी हाफ वायर. त्या दोन्हींवर सॉकेट जोडला की यंत्र ट्यूबच्या मार्गे न्यूट्रल शोधायला जातं. दोन्ही अर्धवट चालतात किंवा कुठलंच चालत नाही. मग कुणीतरी ‘न्यूट्रल मिळत नाही’ म्हणून अर्थच्या वायरीलाच न्यूट्रल करून टाकतो. यंत्र चालू होतं, घरमालक खूश होतो, आणि त्या दिवसापासून घरातल्या अर्थिंगमधून करंट वाहायला लागतो.

दुसरी घातक सवय एमसीबीची. लाइटच्या लाइनवर सॉकेट घेतला की ६ चा एमसीबी वारंवार पडतो. त्यावर उपाय म्हणून त्या जागी १६ चा लावला जातो. एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असतो. एकच्या वायरीमागे १६ चा एमसीबी लावला की भिंतीतली वायर हाच फ्यूज होतो.

## ३. साहित्य एकदम आणा

अर्ध्या कामात दुकानात पळायला लागलं की जे हाताशी असेल ते वापरलं जातं. म्हणून यादी आधी करा:

- वायर. स्कूटर, प्रेशर मशीन, ड्रिल यांना २.५ चौरस मिमी तांबं. कारचा ३.३ किलोवॅटचा चार्जर किंवा अंतर वीस-पंचवीस मीटरच्या पुढे असेल तर ४ चौरस मिमी. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. तिन्ही एकाच जाडीच्या.
- १६ अँपिअरचा सॉकेट आणि १६ अँपिअरचा स्विच, आयएसआय शिक्क्याचे. पावसाची झड येत असेल तर झाकण असलेला, पाणी-धूळ रोखणारा बॉक्स, आयपी ५५ किंवा त्यावरचा.
- १६ चा एमसीबी. चारच्या वायरीला २० चाही चालतो, पण पुढे सॉकेट १६ चा आहे, तेव्हा मी १६ चाच लावतो.
- ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटाची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच), डीबीत नसेल तर. चार्जरसाठी ‘ए’ टाइपचा मागा. साध्या ‘एसी’ टाइपला इलेक्ट्रॉनिक चार्जरमधली काही प्रकारची गळती नीट ओळखता येत नाही.
- २५ मिमीचा पीव्हीसी पाइप, बेंड, सॅडल, जंक्शन बॉक्स, गिट्ट्या, पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू, वायरींच्या टोकांना लावायच्या पिन लग.

आरसीसीबीवर लोक पैसे वाचवतात, म्हणून त्याबद्दल थोडं. आमच्याकडे जांभ्याची जमीन. उन्हाळ्यात अर्थ पिट (अर्थची वायर जिथे जमिनीला जोडतात तो खड्डा) कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. समजा तो सगळा मिळून १० ओहम झाला. स्कूटरच्या चार्जरची बॉडी लाइव्ह झाली तर अर्थमधून २३ अँपिअर जातील. १६ चा एमसीबी २३ अँपिअरवर पडायला तासभरही घेऊ शकतो. रोध १०० ओहम असेल तर २.३ अँपिअर जातील आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र दोन्ही वेळा क्षणात पडतो. एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो.

## ४. करंट बंद करा, आणि बंद झाल्याचं सिद्ध करा

क्रम असा: आधी इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुट लाइन सोडवायची. मग मेन बंद. छतावर सोलर असेल तर त्याचाही स्विच. डीबीच्या झाकणावर टेप मारून ‘काम चालू आहे’ असं लिहायचं. घरात वयस्कर माणूस किंवा शाळेतून येणारं पोर असेल तर डीबीजवळ कुणाला तरी बसवून ठेवायचं. ‘लाइट का नाही’ म्हणून मेन वर करणारा माणूस नेहमी घरातलाच असतो.

खिशातल्या निऑन टेस्टरवर जीव टाकू नका. कोरड्या स्लिपर घालून लाकडी स्टुलावर उभं असताना तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. आणि न्यूट्रल तुटलेला असेल तर दोन्ही भोकांत पेटतो. मल्टिमीटर घ्या. आधी चालू असलेल्या दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे मेनच्या इनकमिंगवर, २३० च्या आसपास दाखवतोय का बघा. मग काम करायच्या जागी शून्य बघा. मग पुन्हा इनकमिंगवर. मधल्या काळात मीटरच बंद पडला नव्हता याची खात्री या तिसऱ्या मापाने होते.

इशारा: मेन बंद केला तरी मेनच्या वरच्या बाजूची, मीटरकडून येणारी टोकं जिवंतच असतात. डीबीत हात घालणाऱ्याने ती टोकं झाकून घ्यावीत.

## ५. जागा आणि पाइप

सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर घ्या. त्याला तीन कारणं आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि प्लग काढताना सॉकेटमध्ये ठिणगी उडू शकते. गाडी धुताना पाणी खालून उडतं. आणि लहान पोरांची बोटं. पूररेषेत राहणाऱ्यांनी चौथं कारण धरावं. २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये जे पाणी आलं त्यापुढे कुठलीच उंची पुरली नसती, पण दर पावसाळ्यात अंगणात गुडघाभर येणारं पाणी चार फुटांपर्यंत पोचत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेला सॉकेट, स्विच, एमसीबी वाळवून परत वापरायचा नसतो.

प्लग लावल्यावर वायर गाडीपर्यंत सैल पोचली पाहिजे. ताणलेल्या वायरीचं वजन प्लगवर येतं, प्लग तिरका बसतो आणि एका पिनचा संपर्क अर्धा होतो. तपकिरी सॉकेटाचं हे दुसरं मोठं कारण. एक्स्टेंशन बोर्ड लावून चार्जिंग करणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. त्या बोर्डाची वायर बऱ्याचदा पाऊणची असते.

जांभ्याच्या भिंतीत खाच मारत बसू नका. चिरा फुटतो, प्लास्टर धरत नाही आणि पावसात तीच खाच पाणी पिते. उघडा पाइप सॅडलने नेटका बसवा. पाइप बॉक्समध्ये शक्यतो खालून घ्या. वरून घ्यावाच लागला तर बॉक्सच्या आधी खाली वळसा देऊन मग वर घ्या, म्हणजे पाइपावरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी गळून जाईल.

शेडचे खांब लोखंडी असतील आणि बॉक्स खांबावरच बसणार असेल तर त्या खांबालाही अर्थची वायर जोडून घ्या. पत्र्याची अख्खी शेड लाइव्ह झाल्याचा प्रकार ऐकीव नाही. स्क्रू वायरीत घुसतो, एवढंच पुरतं.

तपासणी: वायर ओढण्याआधी पाइप, बेंड, बॉक्स सगळं बसलेलं हवं. आधी वायर आणि मग तिच्यावरून पाइप हा क्रम घाईचा. त्यात वायर सोलली जाते आणि ते कुणाला दिसत नाही.

## ६. वायर ओढणे

तिन्ही वायरी एकत्र, स्प्रिंगने, एका दमात. एकाने ओढायचं, दुसऱ्याने समोरून सारायचं. जोरात हिसका लागत असेल तर मागे घ्या, बेंडमध्ये काहीतरी अडकलंय. दोन्ही टोकांना वीतभर वायर जादा ठेवा. वायर कमी पडली म्हणून पाइपात जोड देणं हे पाप आहे. जोड द्यायचाच असेल तर जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टर लावून, उद्या उघडून बघता येईल असा.

हिरवी वायर संपली म्हणून काळीला हिरवी टेप गुंडाळणारे भेटतात. टेप सुटते. मग दहा वर्षांनी येणारा वायरमन त्या काळीला न्यूट्रल समजतो.

## ७. सॉकेट जोडणे

आधी अर्थ, मग न्यूट्रल, शेवटी फेज. काढताना उलट.

समोरून बघितलं की सॉकेटचं वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. जोडताना मात्र सॉकेट उलटा धरलेला असतो आणि उजवं-डावं बदलतं. शिकाऊ पोरं इथे हमखास चुकतात. समोरचा उजवा-डावा विसरा, सॉकेटच्या मागे कोरलेली ‘एल’ आणि ‘एन’ अक्षरं वाचा. फेज स्विचमधून सॉकेटला येते. स्विच न्यूट्रलवर पडला तर बटण बंद असतानाही सॉकेटात फेज उभी असते.

टोक सोलताना तांब्याची एकही तार कापली जाऊ नये. पिन लग दाबून बसवा. लग नसेल तर तारा घट्ट पिळून दुमडा. स्क्रूखाली फक्त तांबं यायला हवं, इन्सुलेशन नाही, आणि स्क्रूच्या बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. घट्ट केल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून बघा. एकदा घट्ट करून दोन मिनिटांनी परत आवळा. तांबं बसतं आणि स्क्रू पाव आटा अजून घेतो. मघाचे वीस वॅट याच पाव आट्यात असतात.

इशारा: सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रलच्या टोकांना तारेने जोडून ‘अर्थिंग करून दिलं’ म्हणणारे अजून आहेत. उद्या न्यूट्रल मागे कुठेही सुटला की यंत्राच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. सॉकेट उघडून अशी तार दिसली तर काम थांबवा.

## ८. डीबीत जोडणी सगळ्यात शेवटी

सॉकेट बंद होऊन स्क्रू लागल्यावरच डीबी. इथेही अर्थ अर्थ-लिंकला (सगळ्या अर्थ वायरी जिथे जोडतात ती पट्टी), मग न्यूट्रल, मग एमसीबीला फेज.

न्यूट्रल कुठे लावला यावर आरसीसीबीचं सगळं अवलंबून आहे. नवी फेज आरसीसीबीच्या पुढून (त्यातून बाहेर पडणाऱ्या बाजूने) घेतली असेल तर न्यूट्रलही त्याच आरसीसीबीच्या पुढच्या लिंकवर हवा. न्यूट्रल मागच्या लिंकवर गेला की स्कूटर लावताक्षणी आरसीसीबी पडतो, आणि मग ‘आरसीसीबी खराब आहे’ म्हणून तो काढून टाकला जातो. खराब काहीच नसतं, काळी वायर चुकीच्या पट्टीवर असते.

## ९. चाचणी: आधी करंटाशिवाय, मग करंटासह

मेन अजून बंद आहे. मल्टिमीटर ओहमवर ठेवून सॉकेटच्या अर्थच्या भोकापासून डीबीच्या अर्थ-लिंकपर्यंत लांब वायरीने मोजा. मीटरच्या वायरींचा रोध वजा करून एक ओहमच्या बराच खाली यायला हवा. पंचवीस मीटर अडीचच्या वायरीचा रोध फक्त ०.२ ओहमच्या आसपास असतो.

मग ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर. नव्या लाइनला काहीही लावलेलं नको, तिचा न्यूट्रल लिंकवरून तात्पुरता सोडवलेला हवा. फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल अशी तीन मापं. १ मेगओहम ही खालची हद्द. नवीन वायर याच्या कैक पट दाखवते. एकच्या जवळ आलं तर कुठेतरी वायर सोलली गेलीय किंवा बॉक्समध्ये ओल आहे. शोधून काढा, तसंच पुढे जाऊ नका.

सोडवलेला न्यूट्रल परत लावा, आवळा आणि मग मेन वर करा. सॉकेटवर मोजा:

- फेज-न्यूट्रल: २३० च्या आसपास.
- फेज-अर्थ: जवळपास तेवढंच.
- न्यूट्रल-अर्थ: थोडेसे व्होल्ट, साधारण पाचच्या आत. बरंच जास्त आलं तर न्यूट्रल किंवा अर्थ मागे ढिला आहे. भार चालू असतानाही काटेकोर शून्यच येत असेल तर संशय घ्या, कुणीतरी जवळच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केलेत.

आरसीसीबीचं ‘टी’ बटण दाबा, पडला पाहिजे. पण हे बटण फक्त आरसीसीबीची परीक्षा घेतं. अर्थिंग चांगलं आहे असा त्याचा अर्थ नाही. अर्थ पिटचा रोध अर्थ टेस्टरने वेगळा मोजून घ्यावा लागतो.

इशारा: शंभराचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून ‘बघा, झकास पेटतोय’ असं दाखवायची जुनी पद्धत आहे. करू देऊ नका. अर्थची वायर मागे तुटलेली असेल तर त्या बल्बमधून येणारी फेज घरातल्या फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या बॉडीवर जाते. त्या क्षणी कुणी फ्रिजचं दार उघडत असेल तर?

शेवटी भाराची परीक्षा. स्कूटर किंवा कार लावा, नसेल तर इस्त्री किंवा हीटर. भार लावल्यावर व्होल्टेज पाच-सात व्होल्टने उतरणं ठीक. पंधरा-वीसने उतरलं तर एखादा जोड ढिला आहे. अर्ध्या तासाने प्लग काढून पिनांना हात लावा. कोमट चालेल. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर मेन बंद करून सॉकेट परत उघडा.

## वापरात आल्यावर

पहिल्या आठवड्यानंतर वायरमनला पुन्हा बोलवा आणि सॉकेटचे व डीबीचे स्क्रू आवळून घ्या. हे ठरवतानाच बोलून ठेवा, नाहीतर तो येत नाही. डीबीत नव्या एमसीबीखाली ‘शेड – पॉवर’ अशी चिठ्ठी चिकटवा, वायरीची जाडीही लिहा.

आरसीसीबीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. चालू भारावर प्लग ओढायचा नाही, आधी स्विच बंद. सॉकेटात प्लग सैल बसायला लागला की आतले पितळी पत्रे थकलेत, सॉकेट बदलायचा. प्लग तिरका करून ‘लागतोय’ म्हणायचं नाही.

मे महिन्यात अर्थ पिटमध्ये दोन बादल्या पाणी ओता. मृगाच्या आधी एकदा मेन बंद करून बॉक्सचं झाकण उघडा. मुंग्यांनी माती भरलेली असते, पालीची अंडी असतात, एकदा तर मला कुंभारणीचं (कुंभारमाशीचं) पक्कं बांधलेलं घर सापडलं होतं. कोरड्या ब्रशने साफ करा, रबराचं सील तडकलं असेल तर बदला आणि झाकण परत लावताना पाइपाचं तोंड सिलिकॉनने बुजलेलं आहे का तेवढं बघा.